आईच्या नावाची ट्रिप

४ मार्च, सोमवार
रिटायर होऊन महिना झाला. तरी साडेचारला जाग. बत्तीस वर्षं हर्सूलच्या जेलात महिला शिपाई, शेवटची सहा हवालदार. आता उठून गिनती करायला कोणी नाही म्हणून गच्चीवरच्या कुंड्या मोजल्या. नऊ.
संध्याकाळी संदीप ऑफिसातून आला तो खुशीत. "आई, तुझ्या रिटायरमेंटची ट्रिप काढतोय. समुद्र. तू पाहिलाच नाहीस ना कधी?"
नाही पाहिला. एकदा पोलिसांच्या गाडीत एका कैदी बाईसोबत मुंबईला गेले होते. जाळीतून काहीतरी चमकलं. ती म्हणाली, "बाई, दर्या." माझी नजर तिच्या हातावर. ड्युटी होती. मान वळवली तोवर भिंत आली.
खूश झाले. लिहायला लाज कसली.

९ मार्च, शनिवार
संदीपनं व्हॉट्सॲपवर ग्रुप केलाय, 'आईची ट्रिप'. हॉटेल नको म्हणे, ॲपवर अख्खं घर मिळतं. दापोलीच्या पुढं कुठंतरी. फोटो दाखवले. पांढरं घर, माड, झोपाळा. चार खोल्या, सगळ्या सोयींचं किचन. मे महिन्याचा पहिला आठवडा.
अकरा माणसं. मोजली. मी, हे, संदीप, सूनबाई अश्विनी, नात चिऊ. पाच. अश्विनीचे आईवडील, तिचा भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं. सहा.
माझ्याकडचं कोण?
"सिंधूला न्यायचं," मी म्हणलं. माझी धाकटी बहीण, देवगाव रंगारीला दिली. तिनंही आयुष्यात पाणी पाहिलं ते विहिरीचं आणि तळ्याचं.
"आई, गाडीत जागा नाही गं."
"ती असली की माझ्या हाताखाली होईल," मी म्हणलं.
लगेच जागा झाली. अकराचे बारा. जिंकल्यासारखी झोपले.

१२ मार्च, मंगळवार
ग्रुपवर विहीणबाईंनी विचारलं, जेवणाचं कसं करायचं?
संदीप: "नो टेन्शन. किचन आहे, आई आहे, मावशी पण आहे."
अश्विनीचा भाऊ: "समुद्रकिनारी आईंच्या हातची भाकरी आणि झणझणीत रस्सा!"
सहा अंगठे. नावं बघितली. एक अंगठा ह्यांचा.
बाजूच्या खुर्चीत बसून अंगठा दिलेला. माझ्याकडं न बघता.

१३ मार्च, बुध.
ह्यांना विचारलं, अंगठा कशाचा दिला?
"अगं, सगळे देत होते."
"बारा माणसं. चार दिवस. दोन्ही वेळा. चहा-नाश्ता वेगळा. हे माझ्या रिटायरमेंटचं का नव्या नोकरीचं?"
पेपर खाली न ठेवता म्हणाले, "घरी तरी तूच करतेस ना."
कढई आदळली. कढईला पोचा आला. बरं झालं.

१७ मार्च, रविवार
जेवायला सगळे बसले तेव्हा सांगून टाकलं. मी तिथं स्वयंपाक करणार नाही. एक वेळचा नाही, चहासुद्धा नाही.
संदीप हसला. त्याला वाटलं गंमत. मग माझं तोंड बघितलं. "ठीक आहे, बाहेरून मागवू."
"तूच म्हणालास ना, गावापासून लांब आहे, एकांत आहे? तुला रस्सा कोण आणून देणार, खेकडे?"
चिऊ हसली. तिच्या बापानं तिला गप्प केलं.
मग अश्विनी बोलली. हळू बोलते एरवी. लॅबमध्ये दिवसभर उभी असते, लोकांचं रक्त काढायला. "मग मी करू का आई? मला वर्षात एवढीच सुट्टी. तुम्हाला राग आला की तो माझ्याच अंगावर येतो. ह्यांना तुम्ही कधी शिकवलं का? साधा कुकर लावता येत नाही तुमच्या मुलाला."
मी म्हणलं, "बत्तीस वर्षं ड्युटी केली मी. शिकवायला वेळ कुठं होता?"
"मला पण ड्युटीच आहे."
ताट उचलून आत गेली. हे आणि संदीप जेवत राहिले. दोघांनी वरण वाढून घेतलं.
सगळ्यात जास्त राग कशाचा आला? ती खरं बोलली त्याचा.

१८ मार्च, सोम.
बायकांच्या बराकीत भाकरीची पाळी लागायची. यादी मीच करायचे. एक म्हातारी होती, जन्मठेपवाली. तिचं नाव लिहीत नाही. सुटायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणली, "बाई, इथं पाळी तरी व्हती. आज माझी, उद्या दुसरीची. घरी पाळीच नव्हती."
तेव्हा मी हसले होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, बघा म्हातारीला जेल आवडलं.
आज दिवसभर तिचं तोंड डोळ्यापुढं.

२१ मार्च, गुरु.
संदीप दारात मोबाईल घेऊन. "आई, एक ओटीपी आला असेल, सांग पटकन. घर जाईल हातचं. ॲपवर दाखवतंय, अजून चौघं बघतायत तेच घर."
कार्ड माझं, नंबर माझा. ट्रिप माझी म्हणून.
"बघू दे चौघांना."
"आई, सहा आकडे आहेत फक्त!"
"नाही देणार."
"अगं, दोन मिनिटांत संपतो तो."
"संपू दे."
दोन मिनिटं तो माझ्यासमोर उभा. मी मोबाईल पालथा धरून बसले. जेलात असं कितीतरी जणींसमोर बसले आहे, चावी कमरेला. पोटच्या पोरासमोर पहिल्यांदा.
गेला तणतणत. तासाभरानं ग्रुपवर फोटो. 'बुकिंग झालं!' स्वतःच्या कार्डावरून केलं. परत अंगठे.
माझ्याजवळ येऊन फक्त एवढंच, "आता तू फक्त ये. बाकी बघू तिथं गेल्यावर."
बाकी म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिथं गेल्यावर सकाळी नऊला पोरं भूक भूक करणार आणि सगळे माझ्याकडं बघणार.

२४ मार्च, रवि.
होळी. चाळीस पुरणपोळ्या लाटल्या. रागात पुरण चांगलं वाटलं जातं. ह्यांनी पाच खाल्ल्या आणि म्हणाले, "तिकडं पण एक दिवस होऊ दे."
मी पुढची पोळी लाटायला घेतली. बोलले असते तर सणाचा दिवस वाया गेला असता.

३१ मार्च, रविवार
एस.टी.नं देवगावला गेले, सिंधूला सांगायला की आपण जायचं नाही. ऊन असं की डांबर चपलेला लागत होतं. ती रानात कांदा काढत होती. डोक्याला टॉवेल, हात कोपरापर्यंत मातीत. मला बघून उभी राहिली, कमरेवर हात देऊन.
"संदीपचा फोन आलता अक्का! दर्याला जायचं म्हनला. मी दोन लुगडी धुऊन ठिवली."
मी सांगितलं, सगळं असं असं आहे, आपल्याला तिथं चुलीपुढं बसवणार.
"मग बसू की. भाकरी म्या टाकीन समद्याच्या. तू निवांत बस. मला दर्या बघू दे तेवढा."
माझं डोकं फिरलं. रानात उभी राहून ओरडले तिच्यावर. लाज वाटत नाही का, साठीला आली, दुसऱ्याच्या घरात भाकऱ्या बडवायला जातेस, आणि वर खूश होतेस?
ती कांद्याची पात पिरगळून टाकत होती.
"लाज कशाची? मला फुकट कोन नेतंय? संदीप म्हनला, आईनंच सांगितलं, मावशी आली की हाताखाली व्हईल. तूबी कामालाच नेत व्हतीस की."
रागानं म्हणली असती तर बरं झालं असतं.
मी खाली बसले. तिच्या ओळीत कांदा काढायला लागले. आमची माय आठवली. बाप मेंढरं घेऊन पुढं, माय मागनं, डोक्यावर संसार. रोज नवं शिवार, रोज तीन दगड गोळा करायचे आणि चूल मांडायची. मुक्काम बदलायचा, तिचं काम बदलायचं नाही. आम्ही दोघी सरपण आणायचो. सिंधू जास्त आणायची. मी शाळेत गेले, ती नाही.
दिवस मावळेपर्यंत काढला कांदा. निघताना म्हणलं, "लुगडी घालू नको परत पेटीत."
"जायचं म्हन की मग?"
"बघते."

४ एप्रिल, गुरुवार
बघते म्हणलं खरं, पण कसं? ॲप मला जमत नाही असं नाही, जमवलं असतं. पण त्यात नुसते फोटो. किचनचा फोटो आहे, किचनात कोण उभं राहणार ते नाही. शहनाजला फोन लावला. शहनाज माझ्यासोबत वीस वर्षं एकाच गेटवर होती, माझ्या आधी रिटायर झाली. सगळं ऐकून म्हणाली, "अरे कौसल्या, फोटू क्या देखती? फोन लगा, आवाज सुन. अपन ने सारी उमर आवाजपेच तो आदमी पैचाने."
बरोबर. नंबर शोधले. पहिल्याच ठिकाणी एक गृहस्थ. गोड आवाज. घर आहे, जेवणाची सोय आहे, घरचंच शुद्ध जेवण.
"आडनाव काय आपलं?"
सांगितलं.
"म्हणजे तुम्ही... कोणाच्यात येता?"
"दोघी बहिणी येतो."
"तसं नाही हो. आमच्याकडं देवघर आहे म्हणून विचारलं. गैरसमज नको."
"मेंढरं राखणारे आम्ही," मी म्हणलं. "मेंढरं आणणार नाही सोबत. देवाला सांगा."
ठेवला. हवालदार असताना असल्यांना साहेब म्हणून सलाम ठोकलेत मी.
ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर ॲप बरं. तिथं कोणी विचारत नाही."
हेही खरंच. ॲपवर जात विचारत नाहीत आणि फोनवर माणूस कळतो. कुठल्या दारानं जावं बाईनं?

९ एप्रिल, मंगळवार
पाडवा. गुढी संदीपनं उभारली. माझ्याशी कामापुरतं बोलतो. ग्रुपवर विहीणबाईंनी सामानाची यादी टाकलीय. बाजरीचं पीठ, माझ्या नावापुढं. तिखट, माझ्या नावापुढं. पोळपाट-लाटणं तिथं आहे का ते संदीपनं ॲपवर विचारलं. मालकाचं उत्तर: आहे.
पोळपाटाची एवढी काळजी.
ग्रुप सोडला. बोटानं दाबलं आणि सुटले. पाच मिनिटांत अश्विनीनं परत आत घेतलं. चुकून झालं असेल असं वाटलं तिला.

११ एप्रिल, गुरु.
ईद. शहनाजकडं. शिरखुर्मा दोन वाट्या. तिच्या भाचीनं एक नंबर दिला, ती समुद्राकाठी तिथं राहून आलीय. एकटी बाई आहे, नलूताई, घरामागं दोन खोल्या देते आणि स्वतः रांधते. ॲपबिप काही नाही. फोनवरच.
"उसने तुम्हारेकु नाम पूछा क्या?" मी भाचीला विचारलं.
"पूछा. फिर पूछी, मच्छी में कांटा चलता ना?"

१३ एप्रिल, शनिवार
फोन लावला. आधी कोणी उचलला नाही. दुपारी तिनंच केला.
"आवाज येतो का? वाडीत होते. कोण?"
मी सगळं सांगितलं, न थांबता. दोघी बहिणी, साठीच्या, समुद्र बघितला नाही, चार दिवस, आणि आम्ही चुलीला हात लावणार नाही.
ती हसली. "तुम्हाला लावू देणार कोण? माझ्या स्वयंपाकघरात पाव्हण्यानं पाऊल टाकलेलं मला खपत नाही."
मग तिनंच अटी घातल्या. जेवण एक वाजता आणि आठ वाजता, वाढल्यावर ऊठबस नाही. ताटं आपली आपण घासायची. सोमवारी रात्री चूल बंद. त्या दिवशी ती कीर्तनाला जाते, मग पाव्हण्यांनी दुपारचंच खायचं.
"आणि तुम्हाला सुट्टी?" मी विचारलं.
"सोमवार रात्र सांगितली ना."
म्हणजे आमची सुट्टी तिच्या अंगावर. दिवसभर तेच डोक्यात. तरी तिनं स्वतःच्या तोंडानं अटी घातल्या, घालू शकली. माझ्या घरात मी एक तरी घातली का?
आडनाव विचारलं नाही. विचारलं, "मासे खाता ना?"

१५ एप्रिल, सोमवार
घरात सांगितलं. त्याच तारखांना सिंधू आणि मी वेगळ्या ठिकाणी जाणार. एस.टी.नं, पुण्याला गाडी बदलून.
संदीप भडकला. आतापर्यंत दाबून धरलेलं सगळं बाहेर काढलं. "आईच्या ट्रिपला आईच नाही? माझ्या सासरच्यांना काय तोंड दाखवू? एवढ्या हौसेनं केलं मी. कोण कुठली बाई, फोनवर ठरवलंस, रिव्ह्यू नाही, फोटो नाही, पत्ता तरी आहे का? उद्या काही झालं तर?"
"तुझ्या घराला किती रिव्ह्यू?"
"दोनशे!"
"त्यात एक तरी स्वयंपाक करणारीनं लिहिलाय?"
डोळ्यात पाणी आलं त्याच्या. पस्तिशीचा बाप्या. मला जवळ घ्यावंसं वाटलं आणि कानाखाली द्यावीशीही. दोन्ही केलं नाही.
त्यानं खरंच हौसेनं केलंय. माहीत आहे मला. त्याच्या हौसेत मी चुलीपाशीच असते, लहानपणापासून तिथंच पाहिलंय त्यानं मला, ड्युटीवरून आले की तशीच, खाकीवर पदर खोचून. म्हणून जास्त राग येतो. कोणावर काढू?
ह्यांनी विचारलं, "मी कुठं जायचं मग?"
"तुम्ही अंगठा दिलाय ना तिकडं."

१७ एप्रिल, बुध.
सिंधूला फोन. सांगितलं, नक्की झालं. तिथं एक बाई रांधून वाढणार, आपण फक्त जेवायचं.
"आन आपन काय करायचं?"
"काही नाही."
"दिसभर?"
"दिवसभर."
मग म्हणली, "अक्का, मला भ्या वाटतंय गं. हात कुठं ठिवायचे?"
तिच्यावर चिडणार होते. नाही चिडले. मलाही माहीत नाही कुठं ठेवायचे.
मग म्हणलं, "सिंधू, त्या दिवशी मी तुला कामालाच नेत होते. चुकलं माझं."
"व्हय, म्हाईत हाय," ती म्हणली. "भाड्याचं किती लागंल, येस्टीला साठीवाल्याला अर्धंच ना?" साठी लागत नाही, बायकांना तसंच अर्धं, मी समजावलं.

१९ एप्रिल, शुक्र.
आज नळ आला. सात दिवसांनी. टाकी, हंडे, बादल्या. सकाळभर त्यातच. हे पाइप धरायला आले, न सांगता. टाकी भरेपर्यंत धरला.
घरात चौघं मोठी माणसं आणि आवाज फक्त पाण्याचा. चिऊ विचारते, आजी, तू रुसलीस का? रुसले नाही, चिडलेय, म्हणलं. फरक काय? म्हणाली. रुसलं की कोणी समजूत काढली तर संपतं.

२० एप्रिल, शनिवार
चार वाजता नलूताईचा फोन. दुसरी खोली कोणी मागतंय, देऊ का, तुमची दोनच माणसं पक्की का, सहापर्यंत सांगा म्हणाली. मी तिथल्या तिथं हो म्हणणार होते. तेवढ्यात अश्विनी लॅबमधून आली. खांद्याची पर्स तशीच. माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. मी नलूताईला म्हणलं, सहापर्यंत कळवते.
मला वाटलं, आता ही समजूत काढणार. तयारीत बसले.
"आई, त्या बाईंच्या खोलीत तिसरी गादी मावते का?"
मला आधी कळलंच नाही. "कोणासाठी?"
"माझ्यासाठी. आणि चिऊ. ती माझ्याजवळ झोपेल."
बघत राहिले तिच्याकडं. मार्चमध्ये हिच्यावर किती चिडले होते. अजून थोडी आहे. हिच्याबरोबर चार दिवस एका खोलीत? मला सिंधूबरोबर जायचंय. दोघींनीच.
"आणि तिकडचे?" मी म्हणलं. "तुझे आईवडील आहेत त्यांच्यात."
ती पलंगाच्या कडेला बसली. "तेच तर. तुम्ही नाही, मावशी नाहीत, मी नाही. वहिनी दोन पोरांच्या मागं. मग कोण उभं राहणार? माझी आई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. ती नाही म्हणणार नाही, कधीच म्हणाली नाही. सकाळपासून रक्त काढतेय आणि डोक्यात हेच." मग एकदम आवाज चढला. "आणि मी तिथं असले तर मीच उभी राहणार, आई. तुमच्या मुलाला सांगून बघितलं काल. म्हणाला, अगं तू एवढी का पेटलीस, आईचं लागलं का तुला पण?"
रडत नव्हती. तोंड लाल झालेलं.
"मग आईला तिथं सोडून तू इकडं येणार?"
"नाही. म्हणजे... माहीत नाही मला. तिलाही विचारू का? चौथी गादी?"
बाहेरून संदीपचा आवाज, "चहा झाला का गं?" कोणाला विचारलं ते कळलं नाही. आम्ही दोघी घरात होतो, दोघींनाही असेल.
कोणी उठलं नाही.
मग ह्यांच्या खुर्चीचा आवाज. मग परत काही नाही. ते उठले का नुसते सरकून बसले, इथून कळत नाही.
पावणेसहाला हे लिहितेय. अश्विनी अजून पलंगावरच आहे, पर्स मांडीवर. नलूताईला किती सांगायचे ते पंधरा मिनिटांत ठरवायचंय, दोन का पाच.